आखाडासाठी राखलेले तलंगे आणि सोललेल्या पाठी: एका परसकळपाचे प्रकरण

प्रकरण जुन्नर तालुक्यातल्या एका मळ्यावरचे, जूनच्या तिसऱ्या आठवड्यातले. घरची अंडी, थोडी विक्री, वर्षातून एक-दोनदा खुडुक कोंबडीखाली पिल्ले, असा सव्वीस पक्ष्यांचा साधा कळप. चौदा जुन्या गावरान कोंबड्या, अडीच वर्षांचा एक गावरान कोंबडा, आणि संक्रांतीच्या सुमारास आणलेल्या, वनराजा या सुधारित जातीच्या एकदिवशीय पिल्लांतून जगलेले अकरा पक्षी. एकदिवशीय पिल्ले नर-मादी न निवडता मिळतात, निम्मे-निम्मे धरून चालायचे. इथे पाच माद्या आणि सहा तलंगे, म्हणजे तरणे नर, निघाले.

म्हणजे एकोणीस माद्यांमागे सात नर. एका नराला तीन माद्याही येत नाहीत. परसातल्या कळपात हे प्रमाण आठ ते दहा माद्यांमागे एक नर असे लागते, अंगाने हलक्या जातीत बारापर्यंत चालते. हे घरच्यांना माहीत नव्हते असे नाही. पण शेजाऱ्याचा सल्ला पडला होता, "आत्ता इकून काय करता वहिनी, आखाडात दर चांगला येतोय." सल्ला पैशाच्या दृष्टीने बरोबरच होता. आषाढात, त्यातही गटारीच्या आधीच्या आठवड्यात, गावरान दिसणाऱ्या नराला जो भाव मिळतो तो एरवी मिळत नाही. त्यामुळे सहाही तलंगे ठेवले, आणि ठेवले ते कोंबड्यांमध्येच.

तक्रार तीन गोष्टींची होती. रोजची सहा-सात अंडी दोन-तीनवर आली, काही कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या, आणि एक गावरान कोंबडी दोन दिवसांपासून कोपऱ्यात पंख सोडून बसलेली, जवळ गेले की कुजका वास. घरात मानमोडीची (राणीखेत रोगाची) धास्ती होती. पण मानमोडी अशी एका कोंबडीला गाठून थांबत नाही. हिरवी पातळ विष्ठा, मान वाकडी होणे, धाप, पटापट मरतूक यांपैकी काहीच नव्हते. बाकीचे पक्षी खात-पीत होते. वासाने दिशा दाखवली. पंख उचलला तर डाव्या बगलेखाली पाच सेंटिमीटरची फाटलेली जखम आणि तिच्यात अळ्या.

नराने केलेल्या जखमांत हाच मोठा धोका असतो. उघडी पाठ अंगणातून दिसते, बगल पंखाखाली झाकलेली राहते. माणूस पाठीकडे बघत बसतो आणि कोंबडी बगलेतल्या जखमेने मरते.

सगळ्या माद्यांची तपासणी

एक जखम सापडली की सगळा कळप हातात घेऊन बघायचा. दिवसा पळापळ होते, म्हणून रात्री दांडीवर बसलेल्या कोंबड्या एकेक करून काढल्या. एकाने धरायचे, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात पिसे उलटी फुंकत कातडी बघायची. धरताना पंख अंगाशी मिटलेले हवेत, पण छाती दाबायची नाही. कोंबडीला माणसासारखा श्वासपडदा नसतो. छातीचे हाड खालीवर झाले तरच हवा आत जाते, आणि घट्ट आवळलेली कोंबडी हातातच गुदमरते.

बघायच्या जागा ठरलेल्या: तुऱ्याचे मूळ, मानेची मागची बाजू, दोन्ही खांदे, शेपटीपर्यंतची पाठ, दोन्ही बगला, मांड्यांच्या बाहेरच्या बाजू आणि गुदद्वाराभोवती. एकोणीस माद्यांना तासभर लागला. आठ जणींची पिसे झिजलेली होती, पण कातडी शाबूत. दोघींच्या खांद्यांवर खपल्या आणि समांतर ओरखडे. एकीचा तुरा चोचीने फाटलेला. आणि ती बगलेची जखम.

पिसे जाण्याची इतरही कारणे असतात आणि ती इथेच निकालात काढावी लागतात, नाहीतर औषध एकीकडे आणि रोग दुसरीकडे. उवा असल्या तर गुदद्वाराभोवती पिसांच्या बुंध्याशी पांढऱ्या अंड्यांचे पुंजके दिसतात आणि पिसे बाजूला केली की पिवळसर उवा पळतात. लाल गोचीड-माइट दिवसा अंगावर सापडत नाहीत, दांड्यांच्या फटीत असतात. रात्री दांडीखालून पांढरा कागद फिरवला की त्यावर लाल ठिपके उमटतात. कोंबड्या एकमेकींना टोचत असतील तर सुरुवात शेपटीच्या मुळाशी आणि गुदद्वाराशी होते. पिसे झडण्याच्या हंगामात मान आणि डोके आधी मोकळे होते, आणि नवी कोंबे लगेच दिसतात. नराच्या चढण्याने गेलेली पिसे तुटलेली असतात, काड्या कातडीत तशाच रोवलेल्या, खांद्यांवर दोन्ही बाजूंना जवळपास सारखी झीज, आणि कळपातल्या ठरावीक माद्यांवरच. फाटलेल्या तुऱ्याच्या बाबतीत पावसाळ्यात देवीचाही विचार करावा लागतो. देवीच्या पुटकुळ्या उंचवटलेल्या, चामखिळीसारख्या, एकाच वेळी अनेक पक्ष्यांच्या तुऱ्यावर व पापण्यांवर येतात. इथे एकच सरळ चीर होती. मात्र देवीचा विषाणू डासांप्रमाणेच अशा फाटक्या कातडीतूनही शिरतो, म्हणून चोचीची जखम किरकोळ म्हणून सोडायची नसते.

उवा तीन कोंबड्यांवर सापडल्या, थोड्या. त्याचा संबंध पुढे येईल.

जखम कोणी केली

घरच्यांचा सगळा राग तलंग्यांवर होता. जखमा वेगळेच सांगत होत्या.

चढताना कोंबडा चोचीने मादीच्या मानेची पिसे पकडतो, दोन्ही पाय तिच्या खांद्यांवर, पंखांच्या मुळाशी टेकवतो आणि तोल राखायला ते चालवत शेपूट खाली वळवतो. सगळे काही सेकंदांत उरकते. मानेवरची आणि खांद्यांवरची थोडी झीज निरोगी कळपातही होतेच. नखांनी दोन-तीन समांतर ओरखडे पडतात. टाचेवरचा काटा मात्र एकच खोल चीर किंवा भोक पाडतो, आणि तो लागतो बाजूला, बगलेत किंवा मांडीवर, कारण नर घसरतो तेव्हा पाय पाठीवरून कडेला ओढला जातो.

पाच महिन्यांच्या तलंग्यांच्या टाचेवर अजून नुसत्या गाठी होत्या. काटा होता तो जुन्या गावरान कोंबड्याला, तीन सेंटिमीटर लांब आणि टोकदार. बगलेची चीर त्याचीच. तरी हाच कोंबडा दोन वर्षे याच माद्यांमध्ये होता आणि एकही कोंबडी जखमी झाली नव्हती.

फरक गर्दीचा. एकटा जाणता नर मादीभोवती एक पंख खाली सोडून गिरकी घेतो, ती खाली बसली तर चढतो, नाही बसली तर सोडून देतो. सहा तलंगे आल्यावर तो चढला की दुसरे धावून येतात, त्याला ढकलतात, तो मान न सोडता कडेला कोसळतो आणि काटा बगल फाडत जातो. तलंगे स्वतः तर गिरकी घेतच नाहीत. पाठलाग करतात, दोघे-तिघे मिळून एकीला कोंडतात. वनराजाचा तलंगा या वयाला सव्वादोन-अडीच किलोचा, गावरान कोंबडी सव्वा किलोची. जवळपास दुप्पट वजन, तेही धडपडत.

त्यात मळ्याचे वेळापत्रक. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या हा रोजचा विषय आहे, त्यामुळे कोंबड्या पाचला आत कोंडल्या जातात, आणि पावसाच्या दिवशी सकाळी नऊ-दहापर्यंत सोडल्या जात नाहीत. कोंबड्यांचे चढणे सगळ्यात जास्त होते ते दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत. सकाळी बहुतेक माद्यांच्या पोटात टणक कवचाचे अंडे असते. ते घालून झाल्यावरचा हा वेळ. म्हणजे नेमक्या त्या दोन तासांत सव्वीस पक्षी सहा बाय आठ फुटांत, पळायला जागा नाही, झुडूप नाही, चढून बसायला एकच दांडी. अठ्ठेचाळीस चौरस फूट जागा या पक्ष्यांना नुसते झोपायला पुरते. सात नरांपासून पळायला पुरत नाही.

अळ्या पडलेल्या कोंबडीचे उपचार

कोंबडी आधी घरात घेतली. पडवीत डालग्याखाली, वरून जुनी मच्छरदाणी. खाली भाताचे तूस किंवा भुसा नको, जखमेला चिकटतो. धुतलेले गोणपाट किंवा वर्तमानपत्र, रोज बदलायचे. जून-जुलैत माशी हा जखमेपेक्षा मोठा शत्रू असतो. माशीने अंडी घातली की दिवसभरातच अळ्या बाहेर पडतात.

धुण्यासाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा दीड सपाट चमचा. वीस मिलीची सुई नसलेली सिरिंज. चिमटा, बोथट टोकाची कात्री, स्वच्छ सुती कापड, हातमोजे. पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण बाजारात ५ आणि १० टक्क्यांचे मिळते, बाटलीवर बघून घ्यायचे. ५ टक्क्यांचे असेल तर एक भाग औषध आणि नऊ भाग उकळून गार केलेले पाणी. तसेच दाट ओतले तर नव्याने धरणारी कातडीही जळते.

पाणी घालण्यापूर्वी एक गोष्ट बघायची. कोंबडी श्वास घेते तेव्हा जखमेत बुडबुडे किंवा फेस येतो का? येत असेल तर चीर हवेच्या पिशवीपर्यंत गेली आहे, आणि आत मारलेले पाणी थेट श्वसनमार्गात जाईल. अशा जखमेवर नुसते ओले स्वच्छ कापड ठेवून डॉक्टर गाठायचा. इथे बुडबुडे नव्हते, चीर कातडी आणि वरच्या मांसापुरती होती.

जखमेभोवतीची पिसे दोन-तीन सेंटिमीटर कात्रीने कापली. उपटायची नाहीत, कोंबडीची कातडी कागदासारखी पातळ असते आणि पिसासोबत फाटते. कापलेल्या पिसांच्या बुडाशी पिवळट पांढरे पुंजके होते, ती माशीची अंडी. ती राहिली तर उद्या पुन्हा अळ्या. मग मिठाच्या पाण्याच्या पिचकाऱ्या, जखमेच्या कडेखालून. पाण्याने अळ्या वर येतात, त्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. सगळ्या एका बैठकीत निघत नाहीत. सहा-आठ तासांनी पुन्हा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावे लागले, आणि दोन्ही वेळा निघाल्या.

घरात आधी डांबरगोळीची पूड भरायचा बेत होता. गाईम्हशींच्या जखमेत ती आणि टर्पेंटाइन वापरायची जुनी सवय आहे. सव्वा किलोच्या पक्ष्याला तो हिशेब लागू होत नाही. उघड्या मांसातून ते शोषले जाते आणि यकृतावर जाते. रॉकेल, फिनेल, गाडीचे काळे ऑइल यांचेही तेच. हळद-तेलाचा लेप विषारी नाही, पण तो वाळून पापुद्रा होतो आणि खाली काय चालले आहे ते झाकतो, शिवाय तेलाने आजूबाजूची पिसे चिकटून माशीला बसायला जागा होते. डब्यातली हळद निर्जंतुक नसते हेही आहेच. वेदना मारणाऱ्या मलमांपैकी ज्यांच्या घटकाचे नाव ‘केन’ने संपते, ती पक्ष्यांना लावायची नाहीत, मात्रा चटकन जास्त होते.

चीर दोन-तीन दिवसांची आणि घाण झालेली, म्हणून टाके घातले नाहीत. ताजी, स्वच्छ जखम पहिल्या सहा-आठ तासांत डॉक्टरकडे गेली तर टाके घालता येतात. त्यानंतर शिवणे म्हणजे घाण आत कोंडणे. कोंबडीची जखम उघडी ठेवून तळापासून भरून येण्यात चांगली असते, भीतीदायक दिसणाऱ्या जखमाही बऱ्या होतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर येऊन गेले. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तोही चालतो. त्यांनी मेलेले करडे मांस कापले, तोंडातून प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा आणि वेदनाशामकाचा तीन दिवसांचा कोर्स दिला, आणि तिची अंडी किती दिवस टाकून द्यायची ते सांगितले. हा भाग डॉक्टरचाच. कृषी सेवा केंद्रातून पाण्यात टाकायची पुडी आणून सगळ्या कळपाला पाजणे हा नुसता खर्च नाही, त्याने सगळ्यांचीच अंडी खाण्याजोगी राहत नाहीत, आणि जखमी कोंबडी पाणी कमी पीत असल्याने तिलाच औषध कमी मिळते. माणसांची डायक्लोफिनॅकची गोळी कुस्करून देणारेही असतात. जनावरांसाठी या औषधावर २००६ पासून बंदी आहे, गिधाडे मेली ती याच्यामुळे, आणि कोंबडीची मूत्रपिंडेही ते सहन करत नाहीत.

पहिले तीन दिवस दिवसातून दोनदा मिठाचे पाणी, मग पातळ आयोडीन, मग कोरडे टिपून आयोडीनच्या मलमाचा पातळ हात. कडेच्या पिसांना मलम लागू द्यायचे नाही. पुढे एकदाच.

चौथ्या दिवशी जखमेच्या वरच्या कोपऱ्यात पिवळी टणक गाठ लागली. पक्ष्यांचा पू वाहत नाही, तो पनीरासारखा घट्ट होऊन बसतो. त्यामुळे "पू नाही, म्हणजे बरी आहे" हा अंदाज फसतो. सगळी जखम बोटाने चाचपावी लागते. गाठ मिठाच्या पाण्याने भिजवून चिमट्याने अखंड काढली, खाली गुलाबी मांस होते.

त्याच दिवशी घरच्यांना जखमेच्या बाजूची कातडी हिरवी दिसली आणि सडले असे वाटले. मुका मार लागलेली कोंबडीची कातडी एक-दोन दिवसांत हिरवी होतेच. साकळलेल्या रक्तातून तयार होणारे हिरवे रंगद्रव्य पक्ष्यांत पुढे पिवळे होत नाही. कातडी शाबूत, कोमट आणि वास नसेल तर तो मुका मार. ओले, थंड आणि दुर्गंधी असेल तर सड. इथे मुका मार होता, आठवड्यात उतरला.

पाणी पहिल्या दिवशी ओआरएसचे, एका पुडीला एक लिटर, भांड्यातून. चोच उघडून ओतायचे नाही, श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागेच असते आणि पाणी सरळ फुफ्फुसात जाते. खायला लेअर (अंड्यांवरच्या कोंबड्यांचे) खाद्य ओले करून, सोबत थोडे उकडलेले अंडे. दहाव्या दिवशी जखम कोरडी, खपली धरलेली. खपली काढायची नाही. एकविसाव्या दिवशी कातडी जुळली होती.

ओरखडे असलेल्या दोघी आणि तुरा फाटलेली एक, यांना फक्त धुणे, आयोडीन आणि चार-पाच दिवस वेगळे ठेवणे. वेगळे ठेवण्याचे कारण दुसऱ्या कोंबड्या. लाल रंग दिसला की त्या टोचतात, एकदा रक्ताची चव लागली की साऱ्या कळपाला लागते. जांभळे औषध लावून लाल रंग झाकायची पद्धत आहे, पण अन्नासाठी पाळलेल्या पक्ष्यांत जेंशियन व्हायोलेटवर अनेक देशांत आक्षेप आहे. डालगे जास्त बरे.

नरांची व्यवस्था

उपचार सुरू झाले त्याच संध्याकाळी तलंगे वेगळे केले. हे जमले नसते तर वरचे सगळे व्यर्थ होते.

सहापैकी दोन, सगळ्यात भारी आणि सारखे पाठलाग करणारे, त्या आठवड्याच्या बाजारात विकले. उरलेल्या चौघांसाठी कांदाचाळीच्या पलीकडच्या टोकाला बांबूची तट्टी आणि जाळी लावून पाच बाय सहा फुटांचा कोंडवाडा केला, रात्री बंद करायला पत्र्याच्या पेटीसकट. दोन अटी होत्या. कोंबड्या नजरेस पडता कामा नयेत, आणि खाद्याची भांडी दोन हवीत. एकत्र वाढलेले नर माद्या दिसत नसतील तर सहसा शांत राहतात. मादी दिसली की जाळीआडूनही भांडण पेटते. दिवसाला एकशेवीस ग्रॅम धरले तर चार पक्ष्यांना गटारीपर्यंतच्या पाच आठवड्यांत सुमारे सतरा किलो खाद्य लागते. भावातल्या फरकापुढे हा खर्च घरच्यांना परवडला, आणि आखाडाचा सौदाही हुकला नाही. "कोंबड्या वाचवायच्या तर आजच विका" असे सांगितले असते तर बहुधा कोणी ऐकले नसते.

जुना कोंबडा एकोणीस माद्यांवर एकटा राहिला. पिल्ले काढायला हे प्रमाण थोडे विरळ आहे, पण गणपतीआधी कोंबडी बसवायची नव्हती आणि खाण्याच्या अंड्यांना नर लागतच नाही. इथे एक समज बराच त्रास देतो: नर सतत हवा, नाहीतर अंडी फुकट. कोंबडीच्या अंडनलिकेत नराचे बीज साठून राहते. एकदा चढल्यावर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अंडी फळतात आणि दहा-बारा दिवस फळत राहतात, पुढे प्रमाण घसरते. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस नर आत सोडला तरी उबवणीची अंडी मिळतात, बाकी दिवस माद्यांना विसावा.

त्याचे काटे बोथट केले. रात्री, कोंबडा टॉवेलमध्ये गुंडाळून, एकाने पाय धरायचा. काट्याचे बाहेरचे आवरण नखासारखे, आत हाडाचा जिवंत गाभा. मागून बॅटरी धरली तर गाभ्याची सावली कुठवर आहे याचा अंदाज येतो. टोकाचे पाच-सहा मिलिमीटर हॅकसॉच्या पात्याने कापून कानशीने गोल केले, आणखी खाली गेलो असतो तर रक्त आले असते. रक्त आलेच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर दाबून दोन-तीन मिनिटे धरायचे. गरम बटाट्यात काटा रुतवून आवरण पिळून काढण्याचा एक उपाय सांगतात. त्याने उघडा पडलेला गाभा कित्येक दिवस दुखरा राहतो, पायही भाजतो. दर दोन-तीन महिन्यांनी कानस फिरवणे पुरते. नखांची टोकेही दोन मिलिमीटर कापली. चोच कापली नाही. चोच कापलेला नर मादीला धड पकडू शकत नाही आणि जास्तच घसरतो.

संध्याकाळच्या कोंडमाऱ्यावर उपाय फुकटचा निघाला. बिबट्यामुळे पाचची वेळ बदलता येत नव्हती, म्हणून साडेचारला कोंबड्याला डालग्याखाली झाकायचे, कोंबड्या आत घ्यायच्या, आणि अंधार पडल्यावर त्याला दांडीवर नेऊन ठेवायचे. अंधारात कोंबडा हलत नाही. सकाळी दार उघडताना आधी माद्या. आत जमिनीपासून दोन आणि तीन फुटांवर आणखी दोन दांड्या बसवल्या, पक्ष्यामागे वीस-पंचवीस सेंटिमीटर धरून, आणि मध्ये एक गोणपाटाचा आडपडदा टांगला. नराच्या नजरेआड जाता आले की निम्मा पाठलाग तिथेच थांबतो.

पाठीवरचे खोगीर

उघड्या पाठीच्या आठ जणींपैकी पाच जणींना कापडी खोगीर घातले. जुन्या जीन्सचा वीस सेंटिमीटर लांब, अठरा रुंद तुकडा, मानेकडे निमुळता, दोन्ही बाजूंना पंख घालायला दीड सेंटिमीटर रुंदीच्या इलॅस्टिकची कडी. पंखाखाली दोन बोटे सहज जावीत इतके सैल. घट्ट झाले तर बगलेत नवी जखम होते, फार सैल झाले तर पाय अडकतो.

दोन जणींना ते लाभले नाही. पावसात जीन्स भिजते आणि दिवसभर वाळत नाही. पाचव्या दिवशी खाली कातडी लाल, आणि आधी थोड्या असलेल्या उवा ऊबदार झाकणाखाली भरभरून वाढल्या. खोगीर घालण्याआधी उवांचा बंदोबस्त करायला हवा होता. ती काढली, उवांवर डॉक्टरांनी दिलेली पूड दोनदा, दहा दिवसांच्या अंतराने टाकली, आणि नंतर पातळ दुहेरी सुती कापडाची खोगिरे केली, चार-चार दिवसांनी धुऊन वाळवलेली. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर आपल्याकडे ती वापरूच नयेत. आणि उघड्या जखमेवर कधीच नाही. खोगिराचे काम चार-सहा आठवड्यांचे. नर सात असताना नुसती खोगिरे शिवत बसणे म्हणजे गळक्या टाकीखाली बादल्या लावणे.

पुढचे दोन-तीन महिने

तलंगे हलवल्यावर आठवडाभरात अंडी चारवर आणि महिनाअखेर पुन्हा सहाच्या आसपास. बगलेची कोंबडी पंचविसाव्या दिवशी संध्याकाळी दांडीवर इतरांत मिसळून ठेवली. दिवसा सोडली असती तर तिला परकी समजून टोचले असते. तिने अंडे द्यायला आणखी महिना घेतला.

पाठी मात्र ऑगस्टअखेरही उघड्याच होत्या, आणि "काही उपयोग झाला नाही" अशी कुरकूर आली. पीस मुळासकट उपटले गेले असेल तर दीड-दोन महिन्यांत नवे येते. तुटून काडी आत राहिली असेल तर ती काडी पिसे झडण्याच्या हंगामातच गळते, तोवर जागा उघडीच. काड्या ओढून काढू नयेत. दिवस आखूड होऊ लागल्यावर, नवरात्राच्या सुमारास, जुन्या कोंबड्यांची पिसे झडली आणि पाठी भरल्या. या काळात खाद्यातले प्रथिन वाढवावे लागते, पीस म्हणजे बहुतांशी प्रथिनच. नुसत्या मका-ज्वारीवर ते भागत नाही. सोळा-अठरा टक्के प्रथिनांचे लेअर खाद्य आणि आठवड्यातून दोन-तीनदा पक्ष्यामागे चार-पाच ग्रॅम सुकट दिली. सुकट बिनमिठाची हवी, खारवलेली असेल तर भिजवून धुऊन. नवी कोंबे निळसर, रक्ताने भरलेली असतात, एक मोडले तरी टपटप रक्त येते आणि बाकीच्या टोचायला धावतात. म्हणून त्या दोन-तीन आठवड्यांत कोंबडाही डालग्याखालीच जास्त राहिला.

यंदाही संक्रांतीला पिल्ले आणायची आहेत. आठ-दहा आठवड्यांना तुरा लाल आणि मोठा व्हायला लागला की नर ओळखू येतात. बाराव्या आठवड्यापासून पाठीच्या मागच्या भागात लांब टोकदार पिसे फुटली की शंका उरत नाही. चौदाव्या आठवड्याला, आरवण्याच्या आणि चढण्याच्या आधी, सगळे तलंगे पलीकडच्या कोंडवाड्यात जातील. तो या वेळी पाच बाय आठचा होणार आहे, कारण पावसाच्या आठवड्यात चार नरांनाही पाच बाय सहा कमी पडला होता आणि एकाचा तुरा दुसऱ्याने फाडला.